ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड : कमी खर्चात योग्य निवड कशी करावी?

रोजच्या वापरातली गाडी घेऊन ट्रॅकवर उतरणाऱ्या हौशी चालकांची संख्या आता चांगलीच आहे. त्यांच्यासमोर देशात प्रामुख्याने तीन पर्याय असतात. कोईमतूरजवळची सुमारे २.१ किलोमीटरची कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरची सर्किट आणि ग्रेटर नोएडातील ५.१२५ किलोमीटरची बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, हैदराबाद किंवा इंदूरहून निघालेल्या चालकाला यातल्या कुठल्याही ठिकाणी पोहोचायचे तर शेकडो किलोमीटर गाडी चालवत जावे लागते आणि त्याच गाडीने परत यावे लागते.

ट्रॅकवर पहिल्याच दिवशी बहुतेकांच्या लक्षात येते की इंजिन दमायच्या आधी ब्रेक दमतात. चार-पाच फेऱ्या झाल्या की पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. मग बाजाराचा शोध सुरू होतो आणि समोर दोन टोके येतात. एकीकडे दुकानातला साधा, स्वस्त पॅड असतो. दुसरीकडे परदेशी बनावटीचा, भरपूर महाग असा रेसचा पॅड असतो. दोन्ही टोकांना धोका आहे. स्वस्त पॅड ट्रॅकवर दगा देतो आणि रेसचा पॅड घरी येताना घाटात. परवडणारी निवड या दोन्हींच्या मधे सापडते. त्यासाठी आपल्या गाडीचे ब्रेक नेमके कशामुळे कमी पडत आहेत, हे आधी ओळखावे लागते.

उष्णतेचा हिशेब

ब्रेकचे काम म्हणजे वेगाची उष्णता करणे. चालकासह १,३०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणली तर सुमारे ११ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. साधारण साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी ही उष्णता आहे आणि ती तीन-चार सेकंदांत तयार होते. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क आणि चार पॅडवर येतो. गावात ताशी ५० किलोमीटरवरून गाडी पूर्ण थांबवली तर याच्या जेमतेम नववा हिस्सा उष्णता निर्माण होते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत ती निवतेही.

ट्रॅकवर असे कडक ब्रेकिंग एकाच फेरीत अनेकदा होते आणि मधे निवायला वेळ मिळत नाही. म्हणून नुसत्या वेगापेक्षा वेग पुन्हा पुन्हा उतरवण्याने पॅड खाल्ला जातो. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथल्या लंबगोल मार्गावर गाडी सलग प्रचंड वेगाने चालते, तरी ब्रेकचे फारसे काम पडत नाही. कारीसारख्या छोट्या ट्रॅकवर वेग कमी असतो, पण वळणे जवळजवळ असल्याने डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. बुद्ध सर्किटवर लांब सरळ पट्ट्यानंतर एकदम मोठा वेग उतरवावा लागतो. तेव्हा आपण कुठे जाणार आहोत, यावरही निवड अवलंबून असते.

डिस्क बहुधा बिडाची, म्हणजे ग्रे आयर्नची असते. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत ओतकामाशी संबंध असलेल्यांना या बिडाचा स्वभाव माहीत असतो. त्यातल्या ग्रॅफाइटमुळे उष्णता चांगली वाहून नेली जाते आणि कंपनेही दबतात. ट्रॅकवर हीच डिस्क ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते. रोजच्या वापराचा ऑरगॅनिक पॅड साधारण ३०० ते ३५० अंशांच्या आसपासच पकड सोडू लागतो.

आधी रोग ओळखा : पेडल कडक की मऊ?

ट्रॅकवर ब्रेक गेले असे सगळेच म्हणतात, पण ते जाण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. ओळखायची खूण पायाखालीच असते.

पेडल नेहमीसारखे कडक लागते, जोर लावला तरी गाडी मात्र थांबत नाही, जळका वास येतो. हा पॅडचा दोष. पॅड त्याच्या कुवतीपलीकडे तापलेला असतो. त्यातली चिकटवणारी रेझिन जळून वायू सुटतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत, काचेसारखा होतो.

पेडल मऊ पडते, स्पंजासारखे लागते किंवा थेट खाली जाते, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडे वर येते. हा ब्रेक ऑईलचा दोष. ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. हा प्रकार जास्त भीतीदायक आहे.

दुसऱ्या प्रकारात कितीही महाग पॅड बसवला तरी उपयोग नाही. उलट, जास्त तापमानात काम करणारा पॅड आला की चालक आणखी जोरात ब्रेक मारतो, कॅलिपर आणखी तापतो आणि जुने ऑईल आणखी लवकर उकळते. त्यामुळे खर्चाच्या यादीत पॅडच्या आधी ब्रेक ऑईल यायला हवे.

सर्वात स्वस्त सुधारणा : ब्रेक ऑईल

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओलावा वाढला की त्याचा उकळणबिंदू खाली येतो. मानकांनुसार किमान आकडे असे :

- डॉट ३ : कोरडे २०५ अंश, ओलावा शोषलेले १४० अंश
- डॉट ४ : कोरडे २३० अंश, ओलावा शोषलेले १५५ अंश
- डॉट ५.१ : कोरडे २६० अंश, ओलावा शोषलेले १८० अंश

रेसिंगसाठी मिळणाऱ्या डॉट ४ प्रकारच्या काही ऑईलचा कोरडा उकळणबिंदू ३०० अंशांच्याही पुढे असतो. गोवा-कोकणच्या दमट हवेत ऑईल ओलावा लवकर ओढून घेते, हे लक्षात ठेवून बदलण्याची तारीख लिहून ठेवावी. ट्रॅकवर जाण्याआधी ताजे ऑईल भरून चारही चाकांची एअर काढून घेतली तर खर्च तुलनेने किरकोळ येतो आणि फरक मोठा पडतो. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरू नये.

एक खबरदारी महत्त्वाची. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑईल आहे. नाव सारखे वाटले तरी डॉट ५.१ शी त्याचा संबंध नाही. डॉट ३, ४ किंवा ५.१ असलेल्या गाडीत ते चुकूनही मिसळू नये.

पॅडचे प्रकार आणि त्यांचा स्वभाव

ऑरगॅनिक पॅड शांत असतो, डिस्क कमी खातो आणि थंड असतानाही लगेच धरतो. शहरासाठी उत्तम, ट्रॅकसाठी अपुरा.

सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंड-पोलादाचे कण व तंतू भरपूर असतात. तो जास्त उष्णता सहन करतो. मात्र थोडा आवाज करतो, काळी भुकटी सोडतो आणि डिस्क अधिक झिजवतो. ट्रॅकवर अधूनमधून जाणाऱ्यांसाठी बनवलेले बरेचसे पॅड याच घराण्यातले असतात.

सिरॅमिक पॅड म्हणजे आपोआप रेसचा पॅड, असा गैरसमज दिसतो. बाजारातले बहुतेक सिरॅमिक पॅड कमी आवाज आणि कमी धूळ यासाठी बनवलेले असतात. खोक्यावरच्या ‘सिरॅमिक’ या शब्दाला भुलून ते ट्रॅकसाठी घेऊ नयेत.

रेसचा पॅड ४००-५०० अंशांच्या पुढेही पकड टिकवतो, पण त्याला काम करण्याआधी तापावे लागते. थंड असताना तो नीट धरत नाही. भर पावसात चोर्ला किंवा आंबोली घाटातून उतरताना डिस्क ओली आणि थंड असते आणि समोरून अचानक ट्रक येतो. अशा वेळी पहिल्याच दाबाला पकड हवी असते आणि रेसचा पॅड नेमका तिथेच उशीर करतो. म्हणून ट्रॅकवर जाऊन-येऊन रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला निव्वळ रेसचा पॅड लावू नये.

उरतो तो मधला गट : रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेला पॅड. फेरोडोचा डीएस२५०० हे याचे जुने, नावाजलेले उदाहरण. कंपनी त्याचे कामाचे तापमान २० ते ५०० अंश आणि सरासरी घर्षण ०.४२ असे सांगते. ईबीसीचे यलोस्टफ आणि ब्लूस्टफ, हॉकचे एचपी प्लस हीदेखील याच गटातली नावे. प्रत्येक पॅड प्रत्येक गाडीच्या मापात मिळेल असे नाही. त्यामुळे ब्रँड ठरवण्याआधी आपल्या कॅलिपरच्या आकाराचा पॅड कोण बनवते, हे पाहावे. बऱ्याचदा यादी तिथेच दोन-तीन नावांवर येते.

पॅडवरची अक्षरे काय सांगतात?

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर छापलेल्या अक्षरांच्या मालिकेत शेवटी दोन इंग्रजी अक्षरे दिसतात, उदाहरणार्थ ‘एफ एफ’. पहिले अक्षर सामान्य तापमानातले घर्षण सांगते आणि दुसरे तापल्यावरचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि ‘एच’ म्हणजे त्याहून जास्त. ‘एफ ई’ लिहिले असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, असे समजावे.

या खुणेला एक मर्यादा आहे. तिच्यामागची चाचणी जास्तीत जास्त सुमारे ३४३ अंशांपर्यंत होते आणि ट्रॅकवरची डिस्क त्याच्या बरीच पुढे जाते. म्हणजे निकृष्ट पॅड बाजूला काढायला ही अक्षरे उपयोगी पडतात, ट्रॅकचा पॅड निवडायला मात्र पुरत नाहीत. त्यासाठी कंपनीने दिलेला तापमान आणि घर्षणाचा आलेख पाहावा. आलेखाची रेघ वर किती जाते यापेक्षा ती किती सपाट राहते, याला महत्त्व द्यावे. सपाट रेघ म्हणजे पहिल्या आणि आठव्या फेरीत पायाला सारखाच अनुभव.

दुसरी उपयोगी खूण म्हणजे युरोपातील ‘आर ९०’ मान्यता. ती असलेल्या पॅडची ब्रेकिंग क्षमता मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर असल्याचे तपासलेले असते. रस्त्यावर सुरक्षितपणे चालण्याची ही बऱ्यापैकी हमी आहे.

खोक्याची किंमत की दिवसाची किंमत?

परवडणारा पॅड म्हणजे दुकानात सर्वात कमी पैशात मिळणारा पॅड, हे गणित ट्रॅकवर चुकते. समजा, एक जोड ३,००० रुपयांना मिळाला आणि तो एकाच ट्रॅक दिवसात काच होऊन बाद झाला. दुसरा १२,००० रुपयांचा जोड पाच दिवस टिकला. पहिल्याचा दिवसाचा खर्च ३,००० आणि दुसऱ्याचा २,४०० रुपये. शिवाय पहिल्या प्रकारात ब्रेक गेल्यामुळे दिवसाच्या अर्ध्या फेऱ्या गेल्या, प्रवेश फी आणि पेट्रोल वाया गेले, ते वेगळेच.

याच हिशेबात डिस्कही धरावी. जो पॅड डिस्क झपाट्याने खातो, तो स्वतः स्वस्त असला तरी डिस्कच्या जोडीसकट महाग पडू शकतो. वर्षातून एकदाच ट्रॅकवर जाणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा. त्याने चांगल्या प्रतीचा मूळ किंवा आर ९० मान्यतेचा पॅड, ताजे ऑईल आणि छोट्या फेऱ्या एवढ्यावर भागवले तरी चालते. वर्षातून तीन-चारदा जाणाऱ्याने मधल्या गटातला पॅड घ्यावा. त्याहून अधिक जाणाऱ्याला दोन वेगळे जोड ठेवणे परवडते : रस्त्याचा गाडीत आणि ट्रॅकचा डिकीत. ट्रॅकवर पोहोचून पॅड बदलायला सरावलेल्या हाताला फार वेळ लागत नाही. मात्र दोन्ही पॅडचे मसाले डिस्कवर एकमेकांशी जुळतात का, हे कंपनीच्या माहितीत आधी पाहून घ्यावे.

पुढचे बदलावेत की चारही?

कडक ब्रेकिंगमध्ये वजन पुढे झुकते आणि पुढचे इंजिन असलेल्या गाडीत सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक काम पुढचे ब्रेक करतात. बजेट मर्यादित असेल तर ते आधी पुढच्या जोडावर खर्च करावे. भारतात विकल्या गेलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटीसारख्या गाडीला मागे ड्रमच आहेत. तिथे शू सुस्थितीत आणि नीट ॲडजस्ट केलेले असले की पुरे. ह्युंदाई आय२० एन लाइनसारख्या मागेही डिस्क असलेल्या गाडीत मागचे पॅड मूळचेच ठेवून सुरुवात करता येते. उलटे मात्र कधीच करू नये. फक्त मागे जास्त पकडीचा पॅड लावला तर ब्रेक मारताच मागची बाजू सुटून गाडी फिरू शकते. आणि एकाच ॲक्सलवर एका बाजूला एक पॅड, दुसऱ्या बाजूला दुसरा, असा प्रकार तर रस्त्यावरही नको.

खरेदी करताना

ब्रेक पॅडमध्ये डुप्लिकेट माल असतो, हे उघड गुपित आहे. ब्रँडच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पक्के बिल मागावे. खोक्यावरचा आणि पॅडवरचा पार्ट नंबर जुळतो का, बॅच नंबर कोरलेला आहे का, मसाला लोखंडी पट्टीला सगळीकडे सारखा चिकटलेला आहे का, हे हातात घेऊन पाहावे. कडेला भेग किंवा पोकळी दिसली तर परत करावे. नेहमीच्या दरापेक्षा फारच कमी दर सांगितला तर तिथेच शंका घ्यावी.

वापरलेले, अर्धे उरलेले रेसचे पॅड स्वस्तात मिळतात. त्यांचा पूर्वेतिहास कळत नसल्याने रोजच्या गाडीसाठी तो सौदा टाळलेला बरा.

बसवणे आणि बेडिंग

चांगला पॅडही चुकीच्या पद्धतीने बसवला तर वाया जातो. कॅलिपरच्या स्लाइड पिन मोकळ्या आहेत का, हे पाहून त्यांना जास्त तापमान सहन करणारे योग्य ग्रीस लावावे. पिन अडकली की पॅड एका बाजूने तिरका झिजतो. डिस्कवर किंवा कॅलिपरजवळ ‘मिन’ असा किमान जाडीचा आकडा असतो किंवा तो सर्व्हिस पुस्तिकेत मिळतो. डिस्क त्याच्या खाली गेली असेल तर नवा पॅड लावण्यात अर्थ नाही. ब्रेकची भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती फुफ्फुसात जाणे चांगले नाही.

नंतर येते बेडिंग, म्हणजे पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसवणे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ८० वरून २०-३० किलोमीटरपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ते कडक ब्रेक लावावेत. मग दहा मिनिटे ब्रेक न वापरता गाडी चालवून निववावी. कंपनीने वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळावी. हे न करता थेट ट्रॅकवर उतरले की पॅडचा थर डिस्कवर ठिगळांसारखा बसतो आणि स्टिअरिंग थरथरू लागते. ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून गॅरेजला येणाऱ्या तक्रारींत कितीतरी वेळा हाच असमान थर सापडतो.

ट्रॅकच्या दिवशी

- निघण्याआधी पॅडची जाडी मोजावी. रस्त्यावर दोन-तीन मिलिमीटर उरेपर्यंत पॅड चालवले जातात. ट्रॅकवर जाताना निम्म्याहून कमी जाडी असेल तर नवीन घालावेत. पातळ पॅडमधून उष्णता लवकर कॅलिपरपर्यंत आणि ऑईलपर्यंत जाते.
- ब्रेक लांबवर हलका दाबून ठेवू नये. सरळ रेषेत, ठामपणे, थोड्या वेळासाठी दाबून सोडावा. पॅड वाचवण्याची ही फुकटातली युक्ती आहे.
- चार-पाच वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश, शक्यतो ब्रेक न लावता मारावी आणि मगच आत यावे.
- आत आल्यावर हँडब्रेक लावू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ओट लावावी. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून राहिला की तिथे डाग पडतो.
- पेडल एकदा जरी मऊ लागले तरी फेरी सोडून हळूहळू आत यावे. थोड्या वेळाने पेडल पुन्हा कडक झाले म्हणून उकळलेल्या ऑईलवर परत ट्रॅकवर जाऊ नये आणि ते न बदलता घरचा रस्ताही धरू नये.
- परतीच्या प्रवासाआधी पॅड आणि ऑईलची पातळी पुन्हा पाहावी. दिवसभर ट्रॅकवर झिजलेल्या पॅडवरच पुढचा घाट उतरायचा असतो.

थोडक्यात

पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम असा असावा : आधी ताजे, जास्त उकळणबिंदूचे ब्रेक ऑईल, मग पुढच्या चाकांसाठी रस्ता आणि ट्रॅक दोन्हींवर चालणारे पॅड, मग गरज असेल तर डिस्क, आणि सर्वात शेवटी मागचे पॅड. मोठे कॅलिपर, भोके पाडलेल्या डिस्क अशा दिखाऊ वस्तूंचा विचार या चारही गोष्टी करून झाल्यावरच करावा. फेरीची वेळ दोन सेकंदांनी सुधारली नाही तरी चालते. पण थंड डिस्कवर, ओल्या रस्त्यावर, पहिल्याच दाबाला गाडी थांबली पाहिजे. या कसोटीला न उतरणारा पॅड कितीही स्वस्त मिळाला तरी महागच.